नकट्या तोंडाचे जुने ट्रक: नजर का अडकते त्यांच्यावर?

रेषाकाम

गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर एक पीटरबिल्ट ३५२, म्हणजे जुना अमेरिकन नकटा ट्रक, उभा राहतोय. १:२५ मापाचं प्लास्टिकचं किट. चौकटीवर इंजिन बसवलं, गिअरबॉक्स जोडला, मागचे दोन अ‍ॅक्सल लावले. शनिवारी रात्री केबिन वर ठेवून बघितली, तर बसेना. बोटभर उचललेलीच राहिली. आधी वाटलं इंजिन वाकडं चिकटलं. मग केबिन उलटी करून पाहिली. दोन सीटांच्या मधे तळाला जो उंचवटा असतो, तो तुकडा मी पुढचा मागे लावला होता. हा उंचवटा म्हणजे इंजिनाचं डोकं झाकणारी पेटी. खऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या उजव्या मांडीला जवळजवळ खेटून अख्खं डिझेल इंजिन असतं! तुकडा सोडवून सरळ लावला आणि केबिन खटकन बसली. तेव्हापासून हे ट्रक मला वेगळेच दिसायला लागलेत, म्हणून हा धागा.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रक ढोबळमानानं दोन प्रकारचे. एक नाकवाले: पुढे बॉनेट, त्यात इंजिन, मागे केबिन. दुसरे नकटे: इंजिन खाली, त्याच्या डोक्यावर केबिन, समोर सरळसोट भिंत. यांना कॅब-ओव्हर म्हणतात. युरोपात आणि आशियात आजही बहुतेक मोठे ट्रक नकटेच, त्यामुळे तिथं त्यांचं अप्रूप नाही. मला ओढ आहे ती अमेरिकेतल्या जुन्या नकट्यांची. १९५० ते १९८० या काळात तिथल्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर त्यांचं राज्य होतं आणि नंतर काही वर्षांतच ते दिसेनासे झाले.

त्यांचं तोंड असं का, तर लांबीचे कायदे. अमेरिकेत ट्रक आणि ट्रेलर मिळून किती लांब असावेत हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवायचं. समजा मर्यादा ५५ फूट आणि ट्रेलर ४० फुटांचा. उरले १५ फूट. त्यात केबिन, इंजिन, झोपायचा बंक आणि वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागू नये म्हणून सोडायची फट, सगळं मावायला हवं. भाडं मिळतं ट्रेलरमधल्या मालाचं, बॉनेटचं कुणी देत नाही. मग बॉनेटच उडवलं. जीएमसीनं १९५९ मधे आणलेल्या एका ट्रकला लोक 'क्रॅकरबॉक्स' म्हणायचे. बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत फक्त ४८ इंच, म्हणजे चार फूट! नाकवाल्या पीटरबिल्ट ३७९ चं हेच माप ११९ किंवा १२७ इंच भरतं.

मी पोटापाण्यासाठी रेखाटनं करते. दिवसभर सुंदर दिसण्यासाठी ओढलेल्या रेघा बघते. ३५२ च्या तोंडावर तशी एकही रेघ मला सापडत नाही. दोन सपाट काचा, मधे एक पट्टी, खाली चौकोनी जाळी, बस्स. जागा अपुरी पडली, माप दाबत दाबत आणलं आणि उरलं ते इतकं देखणं निघालं. मला वाटतं ओढीचं मूळ इथंच आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणी खरोखर चालवलाय का?

लांबपल्ला

रेषाताई, त्या पेटीला आम्ही 'डॉगहाऊस' म्हणायचो. तुमच्या टेबलावर ती बोटभर आहे, माझ्या उजव्या पायाला मात्र ती साडेतीन वर्षं चिकटून होती.

१९९६ मधे मी अमेरिकेत ट्रक चालवायला लागलो. तेव्हा मालकाकडे सगळ्या गाड्या नाकवाल्या झाल्या होत्या, एकच जुनी नकटी केनवर्थ के-१०० उरली होती. नवा येईल त्याच्या हाती ती द्यायची असा रिवाज. माझ्या हाती आली. पहिल्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं.

चढणं ही पहिली परीक्षा. दार छातीच्याही वर. एक पाय पायरीवर, एक हात दांडीवर, मग दुसरा पाय टायरच्या वरच्या पायरीवर, आणि अंग आत लोटायचं. पावसात पायरी निसरडी झाली की उतरताना जीव मुठीत. उतरायचं नेहमी तोंड गाडीकडे करून, हे मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं पहिल्याच आठवड्यात दरडावून सांगितलं होतं. आज माझे गुडघे धड आहेत ते त्या माणसामुळे.

मग वळण. नाकवाल्या गाडीत पुढची चाकं तुमच्या पुढे असतात. इथं ती बुडाखाली. म्हणजे चौकात शिरल्यावर हात शिवशिवतो वळवायला, पण थांबायचं, अजून थोडं पुढे जाऊ द्यायचं, तुम्ही स्वतः पलीकडच्या लेनवर लोंबकळल्यासारखे होता आणि मग स्टिअरिंग फिरवायचं. हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. पण एकदा पडल्यावर अरुंद गोदामांच्या आवारात माझ्याइतक्या झटपट कुणी गाडी मागं लावत नव्हतं.

धक्क्यांबद्दल खोटं बोलणार नाही. अ‍ॅक्सलच्या डोक्यावर बसल्यावर रस्त्याचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजला जातो. काँक्रीटच्या रस्त्यावर ठक-ठक, ठक-ठक, रात्रभर. वायोमिंगमधे इंटरस्टेट ८० वर एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा आडवा यायला लागला की ती सपाट भिंत अख्खी थरथरायची.

आणि तरीही. पहाटे नेब्रास्कातून पश्चिमेकडे जाताना काचेपलीकडे काहीच नसायचं. बॉनेट नाही, त्यावरचा चमकता पुतळा नाही. रस्ता माझ्या पायाच्या अंगठ्याखालून सुरू व्हायचा. मागून उजाडायचं, तर आधी समोर दूरवरची धान्याची कोठारं गुलाबी व्हायची, मग जवळचे खांब, मग माझे हात. नंतर वीस वर्षं आरामशीर नाकवाल्या गाड्या चालवल्या, पण तसं उजाडणं पुन्हा बघायला मिळालं नाही.

कुतूहल

काका, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

माझी ओळख खेळण्यातली. १९८४ मधे आलेला 'ट्रान्सफॉर्मर्स'मधला तो लाल-निळा यंत्रमानव ऑप्टिमस प्राइम, जो ट्रक व्हायचा, तो नकटाच होता. २००७ च्या चित्रपटात त्याला नाकवाला पीटरबिल्ट ३७९ केला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता रेषाताईंचं वाचून कळतंय की तेवीस वर्षांत खेळणं बदलण्याआधी रस्ताच बदलला होता.

एक प्रश्न. इंजिन केबिनच्या खाली, तर दुरुस्तीला हात कसा घालतात? केबिन पूर्ण पुढे पाडतात असं ऐकलंय. ती तोंडावर आपटत नाही?

पाना

नाही आपटत, पण धाक वाटावा असंच ते काम आहे.

मी आणि माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी १९७२ चा इंटरनॅशनल ट्रान्सस्टार सीओ-४०७० उभा करतोय, दोन वर्षं झाली. त्यात केबिन टिल्ट करायची रीत अशी. गाडी सपाटीवर, पार्किंग ब्रेक ओढलेला, दारं घट्ट बंद, समोर मोकळी जागा. केबिनमधलं सुटं सामान बाहेर. मग बाजूला हायड्रॉलिक पंप असतो, त्याचं हँडल खालीवर मारायचं. कुलूप सुटतं, केबिनची पाठ इंच-इंच उचलते. जोर लागतो, घाम येतो. मग एका ठिकाणी हँडल एकदम हलकं होतं. तो क्षण ओळखायला शिकलं पाहिजे. केबिनचं वजन बिजागराच्या पुढे गेलेलं असतं, आता तुम्ही ती ढकलत नाही, ती स्वतः पुढे जाऊ बघतेय आणि सिलिंडरमधलं तेल तिला धरून ठेवतंय. इथं जुनं सील दगा देऊ शकतं. अर्धवट उचललेल्या केबिनखाली मान घालायची नाही, टेकू लावल्याशिवाय तर नाहीच नाही.

केबिन पुढे गेली की अख्खं इंजिन कमरेच्या उंचीवर उघडं. चारही बाजूंनी फिरा, हवं तिथं हात घाला. लांब बॉनेटमधे वाकून काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हे सुख काय असतं.

हे सुख नंतर आलं हेही सांगतो. १९३० च्या दशकातल्या बहुतेक नकट्यांची केबिन जागची हलत नसे. डॉगहाऊसचं झाकण काढून, सीटवर गुडघे टेकून, आतूनच कामं उरकायची. मोठं काम निघालं तर विचारूच नका. १९४९ मधे व्हाइट कंपनीनं ३००० नावाचा ट्रक आणला, त्याची केबिन यंत्रानं पुढे झुकायची, आणि तिथून चित्र पालटलं. १९५८ मधे फ्रेटलायनरनं पूर्ण ९० अंशात झुकणारी केबिन दिली.

फ्रेटलायनरची गोष्ट इथं सांगायलाच हवी. लेलँड जेम्स हा मुळात माल वाहणाऱ्या कंपनीचा माणूस, कन्सॉलिडेटेड फ्रेटवेजचा. त्याला हलके ट्रक हवे होते. ट्रकचं वजन जितकं कमी तितका माल जास्त. कारखानदार मनासारखे करून देईनात, तेव्हा त्यानं स्वतःच सॉल्ट लेक सिटीत अ‍ॅल्युमिनियमचे ट्रक बनवायला घेतले. १९४२ मधे फ्रेटलायनर हे नाव आलं, युद्धामुळे काम थांबलं, नंतर पोर्टलंडमधे पुन्हा सुरू झालं. १९५० मधे पहिला ट्रक बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला, हायस्टर या फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला. तोच ट्रक पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. म्हणजे हे वाहन ज्यानं घडवलं त्याला रोज भाड्याचा हिशेब करावा लागत होता. रेषाताई म्हणतात तेच.

लांबपल्ला

पाना, 'सुटं सामान बाहेर' हे वाक्य मी फ्रेम करून लावलं असतं. माझ्या पहिल्याच महिन्यात इंजिनाचा बेल्ट तुटला. रात्रीची वेळ, घाई. बंकवर गादीमागे पान्यांची पेटी होती ती विसरलो. केबिन निम्म्याच्या पुढे गेली आणि आतून घरंगळल्याचा आवाज आला. मग काचेचा. उजवी काच गेली.

पण दुसऱ्या दिवशी काच बसली सुद्धा. वाकवलेली काच असती तर मागवावी लागली असती. सपाट काच, साध्या पत्र्यातून कापावी तशी मापानं कापली, रबरात बसवली, दुपारी मी रस्त्यावर. रेषाताई, तुमच्या त्या दोन सपाट काचा आणि मधली पट्टी, त्यांचा हाही एक उपयोग.

बॉनेट

मी दुसरी बाजू मांडतो, रागावू नये.

नकट्यांवर प्रेम करणारे बहुतेक लोक त्यांच्याकडे बाहेरून बघतात. आत बसणाऱ्यानं संधी मिळताच त्यांना सोडलं, हे सत्य आहे. १९८२ मधे सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स अ‍ॅक्ट आला. त्यानुसार इंटरस्टेट आणि ठरवून दिलेल्या महामार्गांवर ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीवर मर्यादा घालण्याचा राज्यांचा अधिकार गेला. मोजायचा तो फक्त ट्रेलर, आणि ४८ फुटांचा ट्रेलर प्रत्येक राज्याला चालवून घ्यावाच लागला. नाक कापून काही मिळेनासं झालं. लगेच १९८५ मधे केनवर्थचा टी-६०० आला, उतरत्या नाकाचा, वारा कापणारा, डिझेल वाचवणारा. दोन तेलसंकटं पाहिलेल्या मालकांना आणखी काय हवं होतं? नव्या गाड्या घ्यायची वेळ आली तशी त्यांनी नाकवाल्या घेतल्या. फ्रेटलायनरनं आर्गोसी नावाचा फार चांगला नकटा काढून बघितला, सपाट तळ, दार उघडलं की बाहेर येणाऱ्या पायऱ्या. तोही अमेरिकेत २००६ मधे बंद पडला.

आणि टक्कर. माझ्या वडिलांच्या ओळखीतले एक जण नकट्या ट्रकमधे होते. समोरून धडक बसली तेव्हा त्यांच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच एवढंच होतं. ते वाचले, पण पुन्हा चालवू शकले नाहीत. मी त्यामुळे या ट्रकांकडे नुसतं देखणेपण म्हणून बघू शकत नाही.

रेषाकाम

तुमचं लिहिणं पटलं, आणि हे इथं यायलाच हवं होतं. चार फुटांच्या केबिनबद्दल मी इतक्या कौतुकानं लिहिलं, पण ते चार फूट कुणाच्या तरी गुडघ्यांपुढून काढून ट्रेलरला दिले होते हे माझ्याकडून सुटलं. यापुढे ते माप सांगताना हे सोडून सांगणार नाही.

लांबपल्ला

बॉनेट, मी चालवलाय म्हणून सांगतो, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. आम्ही पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवायचो ते याच भीतीनं. आणि मालकानं नाकवाली गाडी देऊ केली तेव्हा मी नाही म्हणालो नाही. पण तिच्याविषयी मनात जे आहे ते जात नाही. ज्या गाडीनं त्रास दिला आणि तरी रोज सुखरूप परत आणलं, तिचा माणसाला लळा लागतो.

दक्षिणवारा

ऑस्ट्रेलियातून लिहितोय. तुम्ही सगळे भूतकाळात बोलताय म्हणून आश्चर्य वाटलं. इथं अमेरिकन घराण्याचा नकटा अजून जिवंत आहे!

केनवर्थचा व्हिक्टोरियातला बेझवॉटरचा कारखाना १९७१ पासून चालू आहे आणि तिथं के मालिकेतले नकटे आजही बनतात. के-२०० अनेक वर्षं चालला, २०२२ मधे के-२२० आला. कारण तेच, लांबी. आमच्याकडे बी-डबल म्हणजे एका ट्रकमागे दोन ट्रेलर, एकूण लांबी २६ मीटरच्या आत. नाक वाचवलं की मागे तेवढे पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट, जास्त. मी गोदामात मालाची आखणी बघतो. नाकवाला ट्रक आला की किती पॅलेट कमी चढवायचे हे मला पाठ आहे.

के-२०० शेजारी जुना के-१०० उभा राहिलेला मी एका मेळाव्यात पाहिला. दोघांच्या काचा सपाट, दोन तुकड्यांच्या. आजोबा-नातू एका चेहऱ्याचे असावेत तसे. अमेरिकेत १९७६ मधे के-१०० ला एरोडाइन म्हणून उंच छपराची केबिन आली, आत ताठ उभं राहता येईल अशी, कपाळावर दोन छोट्या खिडक्या. ते कपाळ आमच्या गाड्यांवर अजून ओळखू येतं.

ठोका

सगळे डोळ्यांनी बघताय, थोडं कानांनीही बघा.

त्या काळच्या कित्येक नकट्यांमधे डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही-७१ असायचं. आठ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, एकूण ५६८, ताकद ३१८ अश्वशक्ती. ड्रायव्हर त्याला नुसतं 'थ्री-एटीन' म्हणत. हे टू-स्ट्रोक इंजिन. पिस्टन दर वेळी खाली येताना काम करतो, त्यामुळे फिरतं त्याच्या दुप्पट फिरतंय असं ऐकू येतं. वर हवा कोंबणाऱ्या ब्लोअरची शीळ. बाहेर उभं राहिलं तर अंगावर काटा येतो. आणि हे डॉगहाऊसच्या पत्र्याखाली, ड्रायव्हरच्या कानापासून हातभर! लांबपल्ला काकांच्या पिढीतल्या किती जणांचे कान गेले असतील.

ब्रिटनमधे याहून विलक्षण इंजिन नकट्या ट्रकात बसवलं होतं. १९५४ चं कॉमर टीएस-३. तीन सिलिंडर, सहा पिस्टन. एकेका सिलिंडरमधे दोन पिस्टन समोरासमोर, मधे स्फोट. सिलिंडर हेड नाहीच. आडवं असल्यामुळे इंजिन सीटखाली सपाट झोपायचं आणि केबिनमधे उंचवटा मोठा करावा लागत नसे. इंजिनाला केबिनखाली बसवायचं कसं याची दोन उत्तरं: अमेरिकेनं पेटी बांधली, कॉमर बनवणाऱ्या रूट्स कंपनीच्या लोकांनी इंजिनच आडवं केलं. मला दुसरं उत्तर जास्त हुशारीचं वाटतं.

स्कॅनियाचा १९६९ चा एलबी-१४० पण यातच. १४ लिटरचं व्ही-८, ३५० अश्वशक्ती, तेव्हा युरोपात एवढी ताकद कुणाकडे नव्हती, आणि तेही नकट्या तोंडामागे. व्होल्वो एफ-८८ बद्दल कुणीतरी जाणकारानं लिहावं, माझा अभ्यास इंजिनांपुरता.

जुनंलोखंड

एक वेगळी तक्रार. १९३० ते १९५० च्या दरम्यानचे छोटे नकटे ट्रक, शेव्हरोलेचे, फोर्डचे, गोल गाल, पुढे आलेलं तोंड, छोट्या खिडक्या. हल्ली त्यांची केबिन उचलून नव्या चासिसवर बसवतात, टायर रुंद, उंची कमी, चकाकता रंग, मागे गाडी वाहायचा सपाट पाट. प्रदर्शनात गर्दी खेचतात. मला बघवत नाही. ज्या ट्रकनं तीस वर्षं माल ओढला त्याचा मुखवटा काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवल्यासारखं वाटतं.

पाना

मन तुमच्या बाजूला आहे, पण हात वेगळं सांगतात.

आमच्या ट्रान्सस्टारचं उदाहरण घ्या. अ‍ॅल्युमिनियमची केबिन, म्हणून गंजत नाही असं सगळे समजतात. पण जिथं जिथं अ‍ॅल्युमिनियमला पोलादाचा बोल्ट किंवा पट्टी टेकलेली आहे तिथं ओलाव्यानं पांढरी भुकटी धरते आणि धातू बिस्किटासारखा सुटतो. दाराच्या खालच्या कडेचे रिव्हेट मी बोटानं ढकलले, अकरा निघून आले. बिजागराजवळून जाणाऱ्या तारा शेकडो वेळा वाकून आतून तुटलेल्या, वरून धडधाकट. क्लचची जोडणी, गिअरच्या दांडीचा सांधा, स्टिअरिंगचा सरकता दांडा, हे सगळं केबिन टिल्ट होताना सुटावं किंवा सरकावं लागतं, आणि हे भाग दुसऱ्या कुठल्या गाडीचे चालत नाहीत. एक सांधा मिळवायला आम्हाला आठ महिने गेले. शेवटी भंगारात अर्धा कापलेला दुसरा ट्रक सापडला, त्यातून काढला.

नाकवाले जुने ट्रक लोकांनी हौसेनं जपले. नकट्यांना १९८० नंतर किंमतच उरली नाही, तेव्हा ते सरळ भंगारात गेले. म्हणून उरलेले इतके थोडे. अशा वेळी नुसती केबिन उरलेल्या ट्रकवर कुणी नवं चासिस लावलं तर मी त्याला दोष देणार नाही. निदान ते तोंड लोकांपुढे राहतं. मात्र चालत्या, पुऱ्या ट्रकला कुणी करवत लावली तर तुमच्याइतकंच मलाही दुखतं.

जुनंलोखंड

हा फरक मान्य. पुरा ट्रक कापू नये, एवढंच माझं म्हणणं धरा.

बाकी, फोर्डचा सी मालिकेतला नकटा मिळतो का बघा ज्यांना जुना ट्रक हाताळायचाय त्यांनी. १९५७ ते १९९०, तेहेतीस वर्षं जवळजवळ एकाच चेहऱ्यानं बनला. अग्निशमन दलापासून कचऱ्याच्या गाड्यांपर्यंत सगळीकडे होता. लांब पल्ल्याच्या मोठ्या भावंडांइतका रुबाब नाही, पण संख्या पुष्कळ, म्हणून भाग सापडतात. आयोवात वॉलकॉटला इंटरस्टेट ८० च्या कडेला ट्रकांचं मोठं संग्रहालय आहे, तिकडे कुणी जात असेल तर जुने नकटे जवळून बघून या.

लांबपल्ला

वॉलकॉटला मी जाऊन आलोय. संग्रहालयात दोरीच्या अलीकडून बघावं लागतं. माझा हात दोरीवरून आपोआप दांडीकडे गेला, पहिली पायरी कुठं असते ते हाताला अजून माहीत आहे.

रेषाकाम

काका, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

मॉडेलची खबर. केबिन टिल्ट होईल असं बिजागर मी पितळेच्या तारेतून केलंय, किटमधलं प्लास्टिकचं दोनदा मोडलं. आता केबिन पुढे जाते आणि थांबते. आत मी एक बारीकशी पान्यांची पेटीही करून ठेवलीय, बंकवर, गादीमागे. न चिकटवता.

पाना, एक मदत हवी. पंपाचं हँडल दाखवायचंय. किटमधे ते नाही आणि जुन्या छायाचित्रांत सावलीत जातं. तुमच्या ट्रान्सस्टारमधे ते कुठं आहे? ३५२ मधे वेगळं असू शकेल, तरी आकार आणि लांबी कळली तर बरं.

पाना

आमच्या गाडीत उजव्या बाजूला, केबिनच्या पाठीमागे, चौकटीला लागून. हँडल म्हणजे सुटा नळा असतो, काम झालं की काढून केबिनच्या पाठीवर दोन कड्यांत अडकवतात. रविवारी गॅरेजला जातोय, लांबी मोजून आणि नळ्याच्या टोकाचा फोटो काढून इथंच टाकतो. ३५२ वाला एक ओळखीचा आहे, त्यालाही विचारतो. तोवर तारेचा तुकडा कापू नका.